साहेबाच्या बंगल्यातली झडती

ती घटना आठवली की आजही माझा हात आपसूक मिशीकडे जातो. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती आणि मी ठाणे शहरात नवा फौजदार होतो. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या देवळातून देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. दुसऱ्या दिवशी पालखी! देवळाची किल्ली म्हाताऱ्या गुरवाकडे, म्हणून सगळा वाडा त्याच्यावर उलटला.

"उद्या आई पालखीत बसली नाय, तर याला वाड्यात ठेवणार नाय," कोळ्यांच्या पाटलानं चौकीत येऊन बजावलं.

"साहेब, मी आईच्या अंगावरचं काढीन का?" एवढंच म्हणून गुरव रडत राहिला. मला तो खोटा वाटला नाही.

दुपारी खबर आली. जवळच्या जुन्या बंगल्याचा बटलर पहाटे काखेत गाठोडं घेऊन देवळाकडून जाताना दिसला होता. हा बंगला कंपनी सरकारच्या काळात एका इंग्रज साहेबानं बांधलेला, आता एका वकिलांच्या मालकीचा. पंच घेऊन आम्ही झडती घातली. माळा, न्हाणीघर, सगळं पालथं घातलं. दिवाणखान्यात चक्क शेकोटीची जागा! ठाण्याच्या उकाड्यात! हौसेला मोल नसतं, दुसरं काय. हवालदारानं तिच्या धुराड्यात हात घातला, तो नुसता काळा होऊन बाहेर आला.

"काय फौजदार, झालं समाधान?" वकील हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बटलर कसलेला होता. दरडावलं की मख्ख. मग मी चहा मागवला आणि त्याच्याशी बंगल्याबद्दल बोलू लागलो. गडी खुलला.

"साहेब, असा बंगला उभ्या ठाण्यात नाही. मधे खांबांचा पोर्च, डावीकडे खिडक्या तशाच उजवीकडे. तसूभर फरक नाही!"

मी कप ठेवला आणि अंगणात गेलो. खरंच, दोन्ही बाजू जुळ्या भावांसारख्या. फक्त उजव्या टोकाच्या खिडकीच्या झडपा बंद. आत जाऊन ती शोधली, तर तिथे जिन्याची कोरी भिंत! दर्शनी बाजू जुळावी म्हणून साहेबानं बाहेरून खोटी खिडकी बसवली होती.

"ही कधी उघडता हो?" मी विचारलं. बटलरचा चेहरा पडला.

शिडी लावून झडप उचकटली. मागच्या पोकळीत गोणपाटात गुंडाळलेला मुखवटा! वर्दीचं भान विसरून मी टाळी वाजवली. बटलरनं कबुली दिली. गुरव पहाटे आंघोळीला जाताना दार नुसतं ओढून घेतो, हे त्यानं हेरलं होतं.

मुद्देमाल कोर्टात जमा व्हायचा, पण मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पालखीपुरता तो हमीवर दिला.

माणूस कशाची बढाई मारतो ते नीट ऐकावं, हे मी त्या बंगल्यात शिकलो. आणि सगळा गाव एकाकडे बोट दाखवू लागला, की पोलिसानं आधी दुसरीकडे बघावं. दुसऱ्या दिवशी मुखवटा घेऊन मी देवळात गेलो. पाटलानं तो माझ्याकडून घेतला, सगळ्या वाड्यासमोर गुरवाच्या हाती दिला आणि वाकून त्याचे पाय धरले.