गाडीतले पऱ्हे

आमच्या घरी जुनी चारचाकी आली, तेव्हा तिला ठेवायला एकच जागा होती, मागाची खोली. चार मागांपैकी तीन विकून झाले होते आणि चौथ्यावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, अजून लुगडी विणत होते. विकलेल्या मागांचे खड्डे बुजवले, वर फरशी टाकली आणि तिथे गाडी उभी केली. खोलीच्या एका बाजूला मामाजींचा माग, दुसऱ्या बाजूला गाडी. आवाज दोघांचाही फार आणि वेग दोघांचाही कमी.

माझ्या नवऱ्याचं बाजारात कापडाचं दुकान आहे. त्याने ही गाडी चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत नोकरी करणाऱ्या एका बाबूकडून घेतली. बाबूने चावी देताना एकच गोष्ट बजावली होती. समोरचा हा खटका डावीकडेच ठेवायचा, उजवीकडे केला की बाहेरची धूळ आत येते. खाणीजवळ ते खरं असेल. आमच्या गावात धुळीपेक्षा चिखल जास्त. पण नवऱ्याने ते वाक्य गुरुमंत्रासारखं धरलं. त्या खटक्याजवळ माझं बोट नुसतं गेलं तरी तो असा ओरडायचा, जणू मी चालत्या गाडीचं चाक काढत होते.

मला गाडी आवडायची ती एसटीमुळे. मी लाजाळू आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण हजेरीला माझा आवाज बाईंपर्यंत कधी पोचला नाही. एसटीत कंडक्टर विचारतो, "कुठं?" मी सांगते. तो पुन्हा विचारतो, "कुठं?" मग सगळी गाडी मागे वळून पाहते. एकदा माहेरी जाताना माझा फाटा आला, मी उठून उभी राहिले, पण "थांबवा" हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. फाटा मागे गेला. मी थेट साकोलीला उतरले आणि उलट्या एसटीने परत आले. त्या कंडक्टरनेही विचारलं, "कुठं?"

आपल्या गाडीत हे काही नव्हतं. काच वर केली की झालं. भंडाऱ्याला डॉक्टरकडे जायचं असो की माहेरी, कोणाला काही सांगायचं नाही, कोणी वळून पाहायचं नाही. नवरा आणि माझी सासू एकमेकांशी भांडत राहायचे आणि मी बाहेरची शेतं पाहत बसायची.

पहिल्याच पावसाळ्यात गाडीच्या काचा आतून धुरकट व्हायला लागल्या. सकाळी दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास यायचा. छताचं कापड हाताला गार लागायचं. समोरच्या छोट्या गणपतीच्या पाठीवर हिरवी बुरशी चढली. सासूला दिसतं कमी. तिने हात जोडले आणि म्हणाली, "देवाले शाल बरी आणली गा."

"शाल नाही ते माय, बुरसा आहे," नवरा म्हणाला. "आतून घाम येऊन राहिला गाडीले."

"घाम येते म्हणजे बिमार असंल. दाखव ना कोणाले."

त्याने कोणाला दाखवली नाही. स्वतःच इलाज सुरू केले. पहिला इलाज खर्रा. ट्रकवाले काचेला तंबाखू चोळतात, मग पाणी धरत नाही, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. याच्या खिशात नुसता तंबाखू कुठला? सुपारी, चुना सगळं घोटलेला खर्रा होता. पन्नी उघडून तोच आतून काचेवर चोळला. आधी काचेतून थोडं तरी दिसायचं.

सासू म्हणाली, "गाडीले बी खर्र्याची सवय लावली का? घरात एक होता तो पुरे नव्हता?"

दुसरा इलाज माझा. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. म्हणजे मीठ हवेतलं पाणी ओढतं, एवढं मला कळत होतं. मी खड्याचं मीठ स्टीलच्या वाटीत भरून गणपतीशेजारी ठेवलं. मिठाने पाणी खरंच ओढलं. ओढलेलं पाणी पुढे कुठे जाईल, याचा विचार मी केला नव्हता.

दिवाळी झाली. नणंदेच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आली. आम्ही चौघं सकाळीच निघालो. थंडी होती, काचा बंद होत्या आणि चौघांचे श्वास आत. गावाबाहेर पडेपर्यंत समोरची काच दुधासारखी पांढरी झाली. नवऱ्याचा एक हात चाकावर आणि दुसऱ्या हातात मागे बसलेल्या आईच्या लुगड्याचा पदर. तो पदराने काच पुसायचा, सासू ओढली जाऊन पुढे यायची, त्याने पदर सोडला की मागे पडायची.

"मले कायले ओढून राहिला? दस्ती नाही का तुह्याजवळ?"

"तू दम घेऊ नको ना माय थोडा वेळ! तुह्या दमानंच काच भरून राहिली!"

"मरू का मंग?"

तेवढ्यात वळण आलं आणि मिठाची वाटी नवऱ्याच्या मांडीवर पालथी झाली. गार खारं पाणी नको तिथे गेल्यावर माणूस चाक सोडतो. गाडी रस्ता सोडून खालच्या बांधीत, धानाच्या शेतात, उतरली. धान कापून झालेला होता, म्हणून नुसते कापून पसरलेले कडपे मोडल्याचा आवाज आला आणि ती थांबली. कोणाला लागलं नाही. मामाजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "आलं का गाव?"

मंडईत नवरा दिवसभर त्याच पँटवर फिरला. दुपारपर्यंत पाणी वाळलं आणि पुढे मिठाची पांढरी झालर उमटली. सुनेचा भाऊ म्हणून कोणी काही बोललं नाही, पण पाहिलं सगळ्यांनी. घरी आल्यावर त्याने चावी खुंटीला मारली. "संपलं. गाडी विकून टाकतो. साकोलीचा एक माणूस मांगून राहिला, शुक्रवारी येते पाहाले. तू आतून पुसून ठेव."

मी मान हलवली. आत मात्र मला एकदम एसटी ऐकू आली. कुठं?

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेल्यावर मी पुसायला घेतलं. मागच्या सीटखालची चटई उचलली आणि तशीच उकिडवी बसून राहिले. खाली धान उगवला होता. चांगले बोटभर कोंब, उजेड नसल्याने पिवळे, दाट, एकमेकांना टेकून उभे. दिवाळीनंतर नवा धान याच गाडीतून गिरणीत नेला होता, तेव्हा पोतं गळलं असणार. रोवणीच्या आधी रोपांसाठी टाकतो तसे पऱ्हे झाले होते.

सासूला बोलावलं. तिने वाकून अगदी जवळून पाहिलं. "अवो बाई, बांधीतल्यापेक्षा बरे आले हे! रोवणा घालाले बाया सांगू का?"

मी चटईखालचा जाड नमदा दाबला तर बोटांमधून पाणी आलं. वर पाहिलं. मागच्या दाराचं रबर कोपऱ्यात तुटून लोंबत होतं. पावसात तिथून पाणी आत आलं होतं आणि आत मुरून बसलं होतं. पण नमदा एवढे दिवस ओला कसा राहिला? मागे मामाजींचा माग चालू होता. ते उठले, लोट्यातून पाणी घेतलं, जमिनीवर शिंपडलं, खिडकीत टांगलेला गोणपाटाचा बारदाना भिजवला आणि पुन्हा बसले. हे ते माझं लग्न झालं तेव्हापासून रोज करतात. हवा कोरडी झाली की सूत तुटतं. आणि नवरा रोज संध्याकाळी गाडी याच खोलीत लावून चारी काचा अर्ध्या खाली करून ठेवायचा. म्हणायचा, हवा लागू दे. हवा लागत होती, मामाजींनी रोज मेहनतीने ओली केलेली.

मी बारदान्याला हात लावला, मग गाडीच्या छताला. दोन्ही सारखेच गार.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. "सुताले गारवा लागते, पोरी. गाडीले लागते का?"

"नाही."

"मंग काढ ना बाहेर."

मला गाडी चालवता येत नाही. मामाजींनाही नाही. आम्ही तिघांनी ती ढकलत अंगणात काढली. सासू ढकलण्यापेक्षा ओरडत जास्त होती, पण त्याचाही उपयोग होतो. चारी दारं उघडली, मागची सीट ओढून काढली, चटया आणि नमदा भिंतीवर टाकला. पऱ्हे सासूने कोंबड्यांना घातले. नमदा वर कोरडा लागायचा आणि आत ओला असायचा, म्हणून रोज उलटवत राहिले. रबराच्या तुटक्या कोपऱ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवली आणि वरून बादली ओतून पाहिली. थेंब आत आला नाही. काचेवरचा खर्रा व्हिनेगरने पुसला. गणपतीही त्यानेच पुसला, त्याने तक्रार केली नाही. मीठ या वेळी कपड्यात बांधलं, खाली खोल डबा ठेवला आणि डबा चालवणाऱ्यापासून लांब, मागे ठेवला.

आणि सगळ्यात शेवटी, आजूबाजूला पाहून, तो खटका उजवीकडे केला.

शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने गाडी सुरू केली. काचेवर थोडी वाफ धरली, आणि आत ताजी हवा यायला लागली तशी खालून वर विरत गेली. तो पाहतच राहिला. मला वाटलं, आता विकायचं नाव काढणार नाही.

"पाय, माह्या खर्र्याचा असर उशिरा झाला," तो म्हणाला. "आता भाव चांगला येते."

मी गाडी वाळवली होती ती दुसऱ्याच्या अंगणात जाण्यासाठी, हे मला तेव्हा कळलं.

शुक्रवारी साकोलीचा माणूस आला. गाडीच्या सगळ्या बाजूंनी फिरला, आत डोकं घालून वास घेतला, चटईवर हात फिरवला. "एकदम कोरडी आहे जी! माह्या सध्याच्या गाडीत सकाळी काही दिसत नाही." नवऱ्याने छाती काढली. "आपण ठेवतोच तशी." पाहुणा खिशात हात घालून सौद्याचं बोलायला लागला.

मी चहा घेऊन आले होते. कप त्यांच्या हातात दिले. परत आत जायचं होतं. पाय गेले नाहीत.

"मागच्या सीटखाली धान उगवला होता," मी म्हणाले.

पाहुण्याने विचारलं, "काय म्हणते वहिनी?"

मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "धान. बोटभर आला होता. दाराचं रबर तुटलं आहे, तिथं सायकलची ट्यूब लावली आहे. काचेला खर्रा चोळला होता. गणपतीले बुरशी आली होती. काही दिसत नव्हतं म्हणून आम्ही बांधीत उतरलो, चौघं."

"आन् मिठाचं सांग ना," सासू दारातून म्हणाली. "पँटीचं."

पाहुण्याने चटईचा कोपरा उचलून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "विचार करून सांगतो," म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून निघाला. त्याचा फोन पुढे आलाच नाही.

तो गेल्यावर नवऱ्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "इतकं बोलता येते तुले? आणि काहून बोलली?"

"मले गाडी पाहिजे," मी म्हणाले. हेसुद्धा मोठ्यानेच निघालं.

मामाजींचा माग आत थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला.

आता गाडी अंगणात, पत्र्याच्या सावलीत असते. मागच्या आठवड्यात भंडाऱ्याला गेलो. गावाबाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "बोल ना आता काही. त्या दिवशी तर साकोलीवाल्याले रामायण सांगितलं." काचेच्या खालच्या कडेला थोडी वाफ दिसली. खटका पुन्हा डावीकडे होता. मी तो उजवीकडे केला. त्याने पाहिलं, आणि या वेळी ओरडला नाही.