सईची दाढ

माझी सात वर्षांची सई मान झुकवून एकाच बाजूने चावते, हे त्या दिवशी जेवताना माझ्या लक्षात आलं. गालही गरम लागला, म्हणून तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दाढ पोखरली होती, हिरडीत पू झाला होता.

"किती दिवस दुखतंय गं?" त्यांनी विचारलं.

सईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही दुखत."

त्यांनी दाढेला नुसता चिमटा टेकवला, तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तोंडातून आवाज मात्र नाही.

पहिल्यांदा दुखलं तेव्हा ती रडत माझ्याकडे आली होती. "खा अजून चॉकलेटं! भोग आता," मी म्हणाले होते. दुसऱ्यांदा आली तेव्हा धपाटा घातला. तिसऱ्यांदा ती आलीच नाही, आणि दाढ बरी झाली असं मी धरून चालले. मुलांचं दुखणं थांबवायला औषध कशाला लागतं? त्यांनी सांगायचं थांबवलं की आपल्यापुरतं ते थांबतंच.

डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं. "आईचा हात धर हं, बाळ."

मी हात पुढे केला. सईनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला.