कडेचा माणूस

मामाने हॉलमधला टीव्ही काढून मागच्या खोलीत नेला, तेव्हा मामीने त्याच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे तसं जाहीर केलं. प्रत्यक्षात ती दिवसभर बोलतच होती, फक्त भिंतीशी. "काही माणसांना बायकोची एवढीशी करमणूक बघवत नाही," असं ती भिंतीला सांगायची आणि मामा आतून भिंतीच्या वतीने "हं" म्हणायचा.

तो टीव्ही दोघांनी हौसेने घेतला होता. चांगला लांबरुंद, एकट्याने उचलायची सोय नाही असा. तो गेल्यावर भिंतीवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन राहिला. मामीने आपली खुर्ची मात्र हलवली नाही. मी रविवारी गेले की ती मुद्दाम त्या चौकोनासमोर बसायची आणि म्हणायची, "ये, बस. आजचा भाग फार रंगलाय."

मामा फोटो नीट करायचा. जुने, चिरलेले, पाणी लागलेले, घडी पडून पांढरे झालेले फोटो स्टुडिओवाला त्याला संगणकावर पाठवायचा आणि मामा ते घरी बसून दुरुस्त करून परत धाडायचा. नवे फोटोही यायचे, कुणाची पुटकुळी काढा, कुणाचा चष्म्यावरचा उजेड काढा. स्टुडिओत त्याला सगळे 'सर्जन' म्हणायचे. ते नाव त्याला मनापासून आवडायचं आणि आवडत नाही असं तो दाखवायचा. त्याचा एक नियम होता, तो त्याने आम्हाला इतक्यांदा ऐकवला होता की आम्ही त्याच्याबरोबर ओठ हलवायचो. चेहऱ्यावरचं जे आठवड्याभरात आपोआप जाणार आहे, ते काढायचं. जे जन्माचं आहे, त्याला हात लावायचा नाही. पुटकुळी काढा, तीळ ठेवा. "नाहीतर माणूस घरी जाऊन फोटोत स्वतःलाच शोधत बसेल," तो म्हणायचा.

त्याच्या डोळ्यांनी दगा दिला, तोही असा विचित्र की सुरुवातीला आम्हाला खरंच वाटेना. कडेचं सगळं दिसायचं आणि ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं. दाराची चौकट दिसायची, दारात कोण उभं आहे ते नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, चष्म्याने भागणार नाही आणि गेलेलं परत येणार नाही. मामाने हे मामीला आणि मला सांगितलं आणि वर दोघींना दम भरला, स्टुडिओत यातलं अवाक्षर पोचता कामा नये. "सर्जनला दिसत नाही म्हटल्यावर टेबलावर झोपेल कोण?" असं तो हसत म्हणाला. मला काही हसू आलं नाही. हे काम सुटलं तर तो सकाळी उठून करणार काय?

म्हणून तो टीव्ही. आधीच्या संगणकाच्या पडद्यावर चेहरा तळहाताएवढा दिसायचा, तो मामाच्या डोळ्यातल्या डागात सबंध बुडून जायचा. टीव्हीवर तोच चेहरा खिडकीएवढा झाला. मामाने एक केबल आणून टीव्ही संगणकाला जोडला, टेबल पुढे ओढलं आणि तो त्याच्या इतक्या जवळ बसू लागला की पडद्याची ऊब गालाला लागावी. एकेक नाक ताटाएवढं. मान डावीकडे वळवून, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तो ते बघायचा. चहा द्यायला म्हणून मामी आत जायची आणि "आज कुणाच्या नाकात शिरलात?" असं विचारून यायची. अबोला तेवढ्यापुरता सुटायचा.

आणि काम खरंच चालू राहिलं. पूर्वीसारखं झपाट्याने नाही, पण चालू राहिलं. स्टुडिओवाल्याला शंकाही आली नाही. मामाच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

बारीकसारीक अडचणी होत्या, त्या त्याने कुणाला सांगितल्या नाहीत. पडद्यावरचा बाण कडेला गेला की गायब व्हायचा, मग तो आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा त्याला शोधत बसायचा. खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसेना, म्हणून दर थोड्या वेळाने "अगं, किती वाजले?" असं ओरडायचा. मामीला वाटायचं, हा गडी समेटाचं निमित्त शोधतोय. ती वेळ सांगायची, पण तुटक. मामाने मनाशी हिशेब केव्हाच जुळवून टाकला होता: जे जे दिसत नाही, ते डोळ्यांमुळे. आता कडाही जायला लागल्या, असं त्याने गृहीत धरलं. मामीला हे सांगायचं म्हणजे तिचा उरलासुरला धीर घालवायचा, म्हणून तो गप्प राहिला.

अशात तो फोटो आला. एका कारखान्यातल्या कामगारांचा, एका रांगेत उभे राहून काढलेला, बराच जुना. कुणीतरी वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला असावा, कारण भेगा सगळीकडे होत्या. पूर्ण फोटो साफ करायचा, मोठा करून फ्रेम करायचा, एवढाच निरोप होता. मामाने त्याच्यावर जीव ओतला. एकेकाची टोपी, एकेकाची बटणं, मागच्या विटासुद्धा त्याने उजळल्या. फोटो गेला, छापला गेला आणि काही दिवसांनी स्टुडिओवाल्याचा फोन आला.

मी तेव्हा तिथेच होते. मामा फोनवर "हो", "हो", "बघतो" एवढंच म्हणाला आणि पलंगावर बसला. मामी भिंतीला विसरून थेट त्याच्यापाशी आली.

"काय झालं हो?"

"एक माणूस राहिला म्हणे माझ्याकडून. अगदी उजव्या कडेचा. बाकी सगळे लख्ख, आणि त्याच्या तोंडावर भेग तशीच. ज्या बाईंनी फोटो दिला, त्यांचे वडील आहेत ते. वडिलांचा तेवढा एकच फोटो आहे त्यांच्याकडे." मग म्हणाला, "माझ्या फोटोत तो माणूसच नव्हता गं. संपलं माझं."

मला दुसऱ्याचा रडवा सूर सोसत नाही, राग येतो. "संपलं काय? दाखव मला," म्हणून मी त्याला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि टीव्ही लावला. फोटो पडदाभर पसरला. मी उजवीकडे पाहिलं. शेवटी एक जाड मिशीवाला उभा होता, नीटनेटका, भेगबिग काही नाही. मग मी खाली पाहिलं.

"मामा, तुझं घड्याळ कुठे गेलं?"

"आहे की खाली कोपऱ्यात. मला दिसत नाही हल्ली ते."

"मलाही दिसत नाहीये."

मामाने मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे ते पडद्यावर नाहीच."

टीव्ही काय, तो कार्यक्रम दाखवायला बनवलेला. चित्र जरा फुगवून चारी बाजूंनी बोटभर कापायची त्याची खोड. मालिका बघताना ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मी रिमोट घेऊन चित्राच्या आकाराची सेटिंग शोधली आणि ती बदलली. चित्र किंचित आक्रसलं, खाली घड्याळ उगवलं आणि उजव्या कडेने, मिशीवाल्याच्या पलीकडून, एक सडपातळ माणूस आत आला. कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरी भेग.

"आहे का तो?" मामाने विचारलं.

"आहे."

मामा असा हसला की मामी धावत आली. "अगं, टीव्ही चोर निघाला! घड्याळ यानेच खाल्लं होतं, बाण यानेच! आणि मी बसलोय डोळ्यांना बोल लावत!" मामीने कपाळाला हात लावला. "तरी मी सांगत होते, त्याला त्याच्या जागेवर राहू द्या म्हणून," असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. त्या दिवशी घरात सगळ्यांनी मोठमोठ्याने बोलून घेतलं. मामाने स्टुडिओत फोन लावून मशीनची सेटिंग बिघडल्याचं सांगितलं आणि नवा फोटो करून धाडतो, बाईंना द्यायलाही मीच येतो, असं ऐटीत कबूल केलं.

मी म्हटलं, "मी बसते शेजारी. काही लागलं तर सांगेन."

"काही नको. एक माणूस तर राहिलाय," तो म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.

नवा फोटो छापून झाल्यावर आम्ही दोघं स्टुडिओत गेलो. त्या बाई आधीच आलेल्या होत्या. दवाखान्यात परिचारिका होत्या, कामावरून तशाच आलेल्या, पायात पांढरे बूट, हातात पिशवी. स्टुडिओवाल्याने काउंटरवर फ्रेम उभी केली. "आमचे सर्जन स्वतः आलेत," तो म्हणाला. बाईंनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मीही पाहिलं. भेग नव्हती. सडपातळ माणूस दोन्ही डोळे टक्क उघडून समोर बघत होता.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "फक्त... बाबांचा हा डोळा अर्धा मिटलेला असायचा. जन्मापासून. आम्ही चिडवायचो त्यांना, झोपेत काम करता म्हणून. तो आता उघडा दिसतोय."

मामाने ती मिटलेली पापणीही भेगेचाच भाग धरली होती आणि संगणकावर चांगल्या डोळ्याची उलटी प्रत करून या बाजूला बसवली होती. हा त्याचाच नियम होता, जन्माच्या गोष्टीला हात लावायचा नाही.

"कुठला डोळा म्हणालात?" मामाने विचारलं.

"हा बघा." त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

मामाने पाहिलं. मग मान वळवून पाहिलं. मग आणखी वळवली, इतकी की त्याचं तोंड पार दाराकडे झालं. स्टुडिओवाल्याला वाटलं, सर्जनसाहेब रुसले. "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. बाई मात्र फोटो सोडून मामाकडे बघायला लागल्या. अशी वळलेली मान त्यांनी दवाखान्यात पाहिलेली असणार. त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला.

"राहू द्या," त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. "मीच उगाच बोलले. खरंच छान झालाय फोटो. हाच नेते मी."

त्या रागावल्या असत्या तर मामाने परत करून दिला असता, शंभरदा करून दिला असता. तो मऊ आवाज मात्र त्याला सोसला नाही. त्याने काउंटरची कड चाचपून धरली.

"तो नेऊ नका, बाई," तो म्हणाला. "ते तुमचे वडील नाहीत. जुना फोटो न्या, भेगेचा. त्यात ते आहेत." मग स्टुडिओवाल्याच्या आवाजाच्या दिशेने म्हणाला, "मला दिसत नाही. बऱ्याच दिवसांपासून दिसत नाही. दुसरा माणूस बघा."

घरी येईपर्यंत मामाने माझा हात धरून ठेवला होता.

टीव्ही पुन्हा हॉलमध्ये गेला. शेजाऱ्याला मदतीला बोलावून मामाने तो स्वतः भिंतीवर चढवला, जुन्या भोकांवर, हाताने चाचपत. मामी "राहू द्या हो तिथेच, मला कुठे एवढं बघायचंय" असं म्हणत राहिली, पण त्याने ऐकलं नाही. मागच्या खोलीत आता टेबल आहे, त्यावर कपड्यांच्या घड्या असतात.

मी अजून रविवारी जाते. मामीची मालिका चालू असते आणि मामा तिच्या शेजारच्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसलेला असतो. मध्यंतरी एक लांबची आत्या येऊन गेली, तिने जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "या दोघांचं काही बिनसलंय का गं? तो तिच्याकडे बघतसुद्धा नाही." मी सांगितलं, तसं काही नाही. ती गेल्यावर मामी म्हणाली, "इतक्या वर्षांत यांनी कधी तोंड फिरवलं नाही माझ्यापासून. आता मला बघायचं असलं, की फिरवावं लागतं."

मागच्या रविवारीही तो तसाच बसला होता, खिडकीकडे बघत. खिडकीत बघण्यासारखं काहीच नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत तेवढी.

"मामा, काय बघतोयस?"

"तुझ्या मामीला."

मामीने टीव्हीचा आवाज बंद केला. "दिसतंय का काही?" तिने विचारलं.

"खुर्ची दिसते," मामा म्हणाला. "खुर्चीत कुणीतरी आहे."

"मीच आहे," मामी म्हणाली, आणि खुर्चीत सरळ होऊन, फोटो काढून घेताना बसतात तशी, बसून राहिली.