अब्बांची पहिली मुलाखत

अब्बांनी आयुष्यातली पहिली मुलाखत दिली ती वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, आणि तिची तयारी मी करून घेतली. मी तेव्हा नारायणगावला एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसत होते. माझ्या स्वतःच्या तीन मुलाखती झाल्या होत्या आणि त्यातल्या दोनांत मला नकार मिळाला होता, पण घरात एवढाही अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता.

जुन्नरला स्टँडच्या मागे अब्बांचं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती त्यांच्याकडे आणतात. अब्बा आतली जळकी तार काढून नवी गुंडाळतात. पिंपळवंडीपासून आण्याच्या पठारापर्यंत त्यांची गिऱ्हाइकं. कळंबजवळच्या एका खासगी प्रशिक्षण केंद्राला हे काम शिकवायला आठवड्यातून तीन दिवस माणूस हवा होता. शिक्षणाची अट होती, पण खाली 'अनुभवी कारागिराचाही विचार होईल' असं लिहिलं होतं. एका गिऱ्हाइकानं ती जाहिरात मोबाईलवर पाठवली. अब्बांनी आठवडाभर कुणाला काही सांगितलं नाही. मग एका सकाळी चहा पिता पिता मला विचारलं, मुलाखतीत नेमकं काय विचारतात.

मी वही काढली आणि प्रश्न लिहिले. पहिला अर्थातच, स्वतःबद्दल सांगा.

"दुकान स्टँडमागं आहे. तीस वर्षं झाली," अब्बा म्हणाले आणि थांबले.

मी कामाबद्दल खोदून विचारलं, तेव्हा ते जरा बोलते झाले. आण्याची एक मोटर आली व्हती, पार कोळसा झालेली. दुसऱ्या कुणी हात लावायला तयार न्हाई. दोन दिवसांत भरून झाली.

"कुणी भरली?" मी विचारलं.

"भरली की."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांच्या बोलण्यात मोटरी येत होत्या, जळत होत्या, भरून होत होत्या आणि परत जात होत्या. स्वतः अब्बा त्यात कुठेच नव्हते. 'मी भरली' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघायला चार दिवस लागले. म्हणताना ते लाजायचे, जणू कुणाची वस्तू न विचारता उचलतायत.

घरात आम्ही दखनी बोलतो. अब्बांची मराठी गिऱ्हाइकांकडून आलेली, तीही शेतावरची. मी दोन दिवस 'व्हतं' नाही, 'होतं' म्हणा असं त्यांच्या मागे लागले. त्यानं एवढंच झालं, की ते प्रत्येक शब्दापाशी अडायला लागले. शेवटी अम्मीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांना ज्या बोलीत काम येतं त्याच बोलीत सांगू दे. मी तो नाद सोडला.

मग अम्मीच साहेब झाली. चष्मा लावून प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसायची आणि माझ्या वहीतले प्रश्न विचारायची. वहीतले संपले की आपले घालायची. रोज जेवायला उशीर का होतो, हा तिचा आवडता. अब्बा हसायचे आणि त्या हसण्यात त्यांचा घसा मोकळा व्हायचा. एका रविवारी अब्बा आणि मी बसनं जाऊन केंद्राचं फाटकही बघून आलो. किती वेळ लागतो, कुठे उतरायचं, सगळं पाहिलं. समोरच्या टपरीवर चहा प्यालो. अब्बा बराच वेळ त्या इमारतीकडे बघत बसले होते.

एक प्रश्न मला अवघड वाटत होता: तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. मी मोबाईलवर शोधून उत्तर काढलं, 'मी कामात इतका रमतो की वेळेचं भान राहत नाही.' अब्बांनी ते पाठ केलं.

मुलाखतीच्या दिवशी मी रजा घेतली. अम्मीनं पांढऱ्या शर्टाला दोनदा इस्त्री केली. अब्बांनी नखांतलं, भरलेल्या तारांवर चढवायचं व्हार्निश काढायला रॉकेलनं बोटं चोळचोळून लाल केली, तरी ते गेलं नाही. केंद्रावर पोचल्यावर अब्बा आत गेले आणि मी फाटकापाशी उभी राहिले. पाऊण तासानं बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. परतीच्या बसमध्ये नारायणगाव मागे पडल्यावर ते म्हणाले,

"बेटा, तुझं ते उत्तर न्हाई दिलं मी."

चुकीबद्दल विचारल्यावर त्यांनी खरी चूक सांगितली होती. मी दहावीला होते त्या वर्षीची. आण्याच्या एका म्हाताऱ्या बाईची मोटर घाईत भरली, व्हार्निश पुरतं वाळू दिलं नाही. मोटर दुसऱ्याच दिवशी जळली. पठारावर पाण्याचे हाल, त्यात तिचं कांद्याचं रोप पाण्यावाचून माना टाकत होतं. अब्बा स्वतः जाऊन मोटर घेऊन आले, पुन्हा भरली, वाळवली, नेऊन बसवली आणि ती नीट चालतेय हे बघत दिवसभर विहिरीच्या कडेला बसून राहिले. तिनं दुपारी त्यांना भाकरी वाढली. रागाचा एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं, असं ते म्हणाले.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुकानाच्या भिंतीवर प्रत्येक मोटरीपुढे वाळवायला ठेवल्याची वेळ खडूनं का लिहिलेली असते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि जुन्नर येईपर्यंत सोडला नाही.

बारा दिवसांनी फोन आला. अब्बा उभं राहून 'हो सर, हो सर' एवढंच म्हणत होते, त्यामुळे आम्हाला निकाल कळायला वेळ लागला. अम्मी पेढे आणायला निघाली तर म्हणाले, पहिला आठवडा जाऊ दे, त्यांना माझं शिकवणं पटू दे आधी.

आता सोमवार, बुधवार आणि शुक्रवार ते कळंबला जातात. फळ्यावर लिहायची सवय नव्हती, म्हणून दुकान उघडण्याआधी ते बंद शटरवर खडूनं तारांच्या आकृत्या काढून बघतात. परवा बाजाराला आलेला पिंपळवंडीचा एक शेतकरी शटरपुढे थांबून ती आकृती मन लावून वाचत होता, आणि अब्बा त्याला पहिल्यापासून समजावून सांगत होते.