वाऱ्यापुरती जागा

मंडळी, हातांना अजून बोंबलांचा वास येतोय, तरी लिहितेय.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी रोज सकाळी थळच्या किनाऱ्यावर श्वासाकडे लक्ष देत बसते. दहा मिनिटांचा गजर लावते आणि चौथ्या मिनिटाला वैतागून उठते. आज तर ठरवूनच गेले होते, हे शेवटचं.

शेजारी एक कोळीण काकी बोंबील वाळत घालत होत्या. मला डोळे मिटून बसलेलं बघून म्हणाल्या, "झोप न्हाय झाली काय गो?"

"मन एका जागी राहत नाही, काकी."

"हात रिकामे हायत ना. ये इकडं."

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. मी भराभर, दाटीवाटीने टाकत सुटले. काकींनी जोड्या हळूच सरकवल्या. "मधी वारा जाऊ दे. न्हायतर कुजतील."

मग मी सावकाश झाले. समुद्र धुरकट रुपेरी होता. बोंबील वाऱ्यावर झुलत होते आणि माझा श्वासही त्यांच्याबरोबर.

कितीतरी वेळाने चपलांजवळचा फोन पाहिला. गजर वाजून केव्हाच थांबला होता.

उद्या फोन घरीच ठेवून जाणार आहे. तुमचं मन कुठलं काम करताना गप्प होतं?