चित्र ओढ्यापलीकडं पोचेपर्यंत

किश्शांचं एक बरं असतं. ते घडताना माणूस वैतागलेला असतो, हसू नंतर येतं. आमच्या इक्बालभाईंच्या शूटिंग युनिटचे किस्से मात्र उलटे साठलेत. घडताना आम्ही पोट धरून हसलो, आणि आता आठवले की हसू मध्येच थांबतं.

इक्बालभाई भोरचे. आधी केबल टीव्ही चालवायचे, घरोघरी डिश आल्यावर लग्नाच्या शूटिंगकडे वळले. कॅमेरा किकवीचा बाजीराव धरायचा. आणि मी, पुण्याहून इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन आलेला, तालुका बदलायला निघालेला!

मी त्यांच्यात घुसलो त्याला कारण होतं. वेल्ह्याकडच्या एका शाळेत दहावीच्या दोन तुकड्या, पण विज्ञानाचे सर एकच, शिंदे सर. अ तुकडी जुन्या इमारतीत त्यांच्यासमोर शिकायची. ब तुकडी ओढ्यापलीकडच्या नव्या इमारतीत नुसती बसायची. एका खोलीत सगळे मावत नव्हते, सरांचे बाकीचे तास आठवी-नववीने खाल्लेले. मार्चची परीक्षा मात्र दोन्ही तुकड्यांना एकच. मी भाईंना म्हटलं, सर ओढा ओलांडू शकत नाहीत, पण त्यांचं चित्र ओलांडेल. भाईंनी नुकताच जुना डिजिटल कॅमेरा घेतला होता. त्यांना ते लगेच पटलं.

*

पहिली चाचणी सारोळ्याच्या एका लग्नात झाली. मांडवातलं चित्र लांबच्या जेवणाच्या मांडवात दाखवायचं होतं. जुन्या पद्धतीत वायर लांबली की चित्रात मुंग्या यायच्या, पण नवरा-नवरी ओळखू यायचे. डिजिटलला ही मधली अवस्थाच नाही. मंगलाष्टकं चालू असताना पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजलं, अंतरपाट धरलेलाच. जेवणाच्या मांडवातले लोक मुठीत अक्षता घेऊन ताटकळले. मुलीचे एक मामा पडद्याकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "भटजी लई सावकाश हायत."

नवरा-नवरी जोडीनं तिथं पाया पडायला आले, तेव्हा त्यांच्यावर त्या मांडवातल्या पहिल्या अक्षता पडल्या.

भाई परतताना टेम्पोत एवढंच म्हणाले, "जुनी वायर आधी आजारी पडायची. ही सरळ मरती."

*

शाळेत पहिल्या दिवशी चित्र पोचलंच नाही. भाईंनी सवयीनं केबलचा बूस्टर लावला. पडदा काळा तो काळाच. मी समजावलं, लांब वायरीत चित्राचा बारीक, चपळ भाग आधी गळतो. बूस्टर सगळंच फुगवतो, मधे मिसळलेला कचरासुद्धा. जे गळलं तेवढंच भरून काढायला इक्वलायझर लागतो.

"डेकला असतो त्यो? बास-ट्रेबलचा?"

मला इतका आनंद झाला! म्हटलं, भाई, अगदी तसाच विचार, ट्रेबल वाढवायची.

दुसऱ्या दिवशी भाई टेम्पोतून घरचा टेपडेक घेऊन हजर. म्हणाले, घरात पडून आहे, विकत कशाला आणायचा? बाजीरावनं फक्त एक विचारलं, "कॅसेट कुठली लावायची?"

मुलं हसली. ब तुकडीचा आणखी एक तास गेला.

*

इक्वलायझरची खरी पेटी पुण्याहून एसटीनं आली. ती लावली, तरी चित्र तुटक! मी वायरीच्या मागे मागे चालत गेलो. प्रत्येक खांबावर, प्रत्येक आंब्याच्या फांदीवर वायरीचं जाडजूड भेंडोळं टांगलेलं. केबलवाल्यांची रीतच ती. वायर कापायची नाही, उरलेली गुंडाळून ठेवायची, उद्या पुढच्या घराला जोडणी द्यावी लागली तर? मी पेटी मागवली ती दोन इमारतींमधलं सरळ अंतर धरून, आणि चित्र बिचारं प्रत्येक झाडाला प्रदक्षिणा घालत होतं.

मी म्हटलं, कापा. भाई म्हणाले, "आमच्यात वायर कापत न्हाईत."

माझा तोल गेला. म्हटलं, "तिकडं पोरं रिकामी बसलीत, आणि तुम्हाला वायरीची माया?"

भाईंनी पकड माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवली. "तुमी कापा. म्या बघत न्हाई."

मी कापत गेलो. बाजीराव एकेक भेंडोळं गळ्यात घालत मागून येत होता. शेवटी तो सत्कार झालेल्या पुढाऱ्यासारखा दिसायला लागला.

*

चित्र स्वच्छ आलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, उद्घाटनाशिवाय नको. पाहुण्यांची तारीख मिळेना. मी रोज जाऊन भांडायचो. ते शांतपणे म्हणायचे, "अहो, घाई काय आहे? शाळा कुठं पळून चाललीय?"

शाळा पळत नव्हती. धडे पळत होते. पाहुणे येऊन फीत कापून गेले, तोवर अ तुकडीचं अर्धं पुस्तक संपलं होतं.

*

अखेर पहिला तास लागला. बाजीराव जुन्या इमारतीत कॅमेऱ्यामागे, भाई आणि मी ब तुकडीत टीव्हीशेजारी. शिंदे सर पडद्यावर आले आणि अख्खी तुकडी उभी राहून म्हणाली, "नमस्ते सर!" भाईंनी माझा खांदा दाबला. खडूची रेघन् रेघ दिसत होती. कुठे थिजणं नाही, कुठे तुटणं नाही. मी पेटीवरच्या हिरव्या दिव्याकडे बघतच राहिलो.

सरांनी धड्यातलं एक गणित सोडवलं. मग वळून विचारलं, "कुणाला शंका?"

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. सरांनी त्यांच्या समोरच्या अ तुकडीवरून नजर फिरवली. "नाही? छान." आणि फळा पुसायला घेतला.

मुलीनं हात आणखी उंच केला. मग भाईंकडे बघून हळूच विचारलं, "काका, सरांना हितली आमी दिसतो ना?"

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहिलं.

"दिसतीस की बेटा," भाई म्हणाले. "हात वर ठिव."