मोरेश्वरकाकांची नसलेली कोठी

बनारसवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही गंगेची आरती, नावा आणि पानवाला यांची वाट बघत बसला असाल. बसा बापडे. मी तुम्हाला कॅन्टोन्मेंटच्या बाजूला एका दगडी कोठीच्या पोर्चमध्ये नेणार आहे. तिथं एक म्हातारा खांबाला गाल लावून उभा आहे.

ते मोरेश्वरकाका. रामघाटावरच्या मराठी घरातले, पिढ्यान्‌पिढ्या काशीतलेच. शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. मी बँकेच्या नोकरीपायी चाळीसगावाहून इथं येऊन पडलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. पहिल्याच रविवारी त्यांनी मला ई-रिक्षात घालून कोठी दाखवायला नेलं. विलायतेच्या राणीचं राज्य असताना कुणा साहेबानं बांधलेली. पुढं चार जाडजूड गोल खांब, खांबांच्या डोक्यावर दगडी पानांचे गुच्छ, त्यावर भलामोठा त्रिकोण. गाल कशाला लावता विचारलं, तर म्हणाले, "दगड किती तापलाय ते हाताला नीट कळत नाही. गालाला बिलकुल बरोबर कळतं."

कोठी त्यांची नव्हती हं. मालक होते म्हातारे लालाजी. शाळेच्या पोरांना चित्रं काढायला आणायची परवानगी त्यांनी काकांना कधीकाळी दिली, ती काकांनी जन्मभर वापरली. गेटवरचा चौकीदार लालाजींना बसून नमस्कार करायचा आणि काकांना उठून.

"खांब वरपर्यंत सीधा नसतो, बेटा," ते सांगायचे. "मधे जरासा फुगतो. भार घेतलाय ना, श्वास धरलाय त्यानं." खिडक्यांवर दगडी कमानी होत्या. त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "या बघ, भुवया चढवून बसलेल्या मावश्या." आवाज नाकातला, आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द चिंगमसारखा ताणलेला. असा आवाज समोर आल्यावर माझ्यासारख्या नकलाकारानं काय करायचं? उचलला. मी जिन्यातून त्या आवाजात हाक मारली की काकू चहा टाकायच्या, आणि दारात मी दिसलो की लाटणं दाखवायच्या.

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बोलणं पूर्ण बंद केलं. त्यातच लालाजी गेले आणि दिल्लीहून त्यांचा नातू आला, छोटे बाबू. त्याला कोठीचं मॅरेज लॉन करायचं होतं. बारात घोडीसकट आत यायला मोठं गेट हवं, म्हणून पोर्च पाडायचा. चौकीदारानं हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा काका जेवता जेवता ताटावरून उठले.

सकाळी त्यांनी माझी बाही धरली ती कोठीवर पोचेपर्यंत सोडली नाही. छोटे बाबूपुढं मला उभं केलं, आधी स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या तोंडाकडे.

झालं. काका छडीनं दाखवायचे आणि मी त्यांच्या आवाजात बोलायचो. हिंदीत, पण नाक काकांचंच. छोटे बाबू आधी हसला. मावश्यांपर्यंत आलो तेव्हा त्याचा मोबाइल खिशात गेला होता. माझ्याबरोबर काकांचे ओठ हलत होते. शेवटी त्यानं विचारलं, "ये पत्थर इम्पोर्टेड है क्या?"

गिऱ्हाईक वळत होतं हो. मी त्याच आवाजात म्हणालो, "ग्रीस से आया है. जहाज में."

छडी हवेतच थांबली. छोटे बाबूनं खांबावर हात फिरवला, ठेकेदाराला फोन लावला आणि गेट बाजूच्या भिंतीतून काढायला सांगितलं. पोर्च वाचला.

रस्त्यावर आल्यावर मला वाटलं, आता बक्षीस म्हणून पाकातली लौंगलता तरी खायला मिळेल. काका थांबले. डॉक्टरांनी बंद केलेलं तोंड त्यांनी उघडलं आणि त्यातून लाकडावर कानस घासावी तसा आवाज आला.

"ग्रीस? इथल्याच चुनारच्या खाणीतला दगड आहे तो. गंगेतून नावेनं आलाय. साहेबानं कागदावर परदेशी पान काढून दिलं. इथल्या कारागिरांनी ते झाड जन्मात बघितलं नव्हतं. त्यांना कमळ येत होतं, म्हणून कडेकडेनं त्यांनी कमळाच्या पाकळ्या घातल्या. असे खांब ग्रीसमध्ये तरी आहेत का? आणि तू त्यांचा हातच पुसून टाकलास."

मी म्हणालो, काका, पोर्च वाचला ना. आणि बोलू नका, टाके आहेत.

"कुणाचा म्हणून वाचला?" त्यांनी छडी कोठीकडे वळवली. "चल मागे. पाडायचा तर पाडू दे त्याला, पण चुनारचा म्हणून पाडू दे. आणि खबरदार माझा आवाज काढलास तर. हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं."